माया किती सोडलीय

गुरुबसप्पा अण्णांनी सांगितलं, दर महिन्याला एक पान लिही,
गणवेशाच्या पिशवीत घालून देऊ, गिऱ्हाईक घरी नेऊन वाचेल.
मी बी.कॉम., अक्षर बरं,
म्हणून काम माझ्याकडे. वर पाचशे रुपये.

पहिल्या पानावर लिहिलं,
आमच्याकडे उत्तम प्रतीचं कापड मिळतं.
दुसऱ्यावर लिहिलं,
आमच्याकडे सर्व शाळांचे गणवेश मिळतात.
तिसऱ्याला काही सुचेना.
त्या आठवड्यात अशोक चौकातल्या गाड्यावर
माझी दोन्ही पानं भज्यांखाली
तेल पीत बसलेली दिसली.

अण्णा म्हणाले, काय लिवलालीस गं, कुणासाठी?
मी म्हटलं, सगळ्यांसाठी.
त्यांनी टेप गळ्यातून काढून काउंटरवर टाकली.
बत्तीसची कंबर सगळ्यांना बसते व्हय?

मग शाळा उघडायच्या आधीच्या गर्दीत
पेन कानामागे ठेवून मी नुसती उभी राहिले.
विकलं काहीच नाही. ऐकलं.

नरसव्वा चिलवेरी आली विड्या देऊन थेट,
बोटांना तंबाखूचा वास.
पोराला आणलं नव्हतं. आणली होती एक सुतळी,
तिला तीन गाठी: खांदा, छाती, उंची.
भाव नाही विचारला.
शर्ट उलटा केला,
आतली शिवण अंगठ्यानं उकलून पाहिली
आणि म्हणाली,
माया किती सोडलीय?

दीड इंच.
ती ओठातल्या ओठात तेलुगूत मोजत राहिली.
मला आकडे कळले नाहीत, हिशेब कळला:
दीड इंच म्हणजे पोरगा किती महिने.

तिच्यामागे साखर कारखान्यावरचा वॉचमन,
त्याला फक्त कोपराची काळजी.
खुर्चीच्या हातावर रात्रभर घासतो साहेब, तिथंच विरतं.
त्याच्यामागे नर्सिंगची पोरगी,
खिसा कुठाय? मोबाइल बसंल एवढा?
आणि एक बाप, होटगीकडचा असावा,
शर्टाच्या चिठ्ठीवरची किंमत वाचून
घडी होती तशीच घालून ठेवली त्यानं, अगदी नीट,
आणि काही न विचारता पायऱ्या उतरला.

हे सगळं मी पावतीपुस्तकाच्या पाठीवर उतरवलं.
बापाच्या ओळीपुढे काय लिहावं कळेना,
तिथं नुसती एक रेघ आहे अजून.

तिसरं पान लिहिलं ते नरसव्वेला.
नाव नाही घातलं. पण खुर्ची ओढून
तिला समोर बसवूनच लिहिलं:
घरच्या घरी माया कशी उसवावी,
ब्लेड कुठून घालावं, कुठून घालू नये,
जुन्या घडीची पांढरी रेघ
ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून कशी जाते.
उत्तम हा शब्द एकदाही आला नाही.
अण्णांनी वाचलं. दुकानाचं नाव कुठाय, म्हणाले.
मग शिक्का आणून स्वतःच खाली मारला, जरा तिरका.

भज्यांच्या गाड्यावर ते पान मी शोधलं, खोटं कशाला बोलू.
दिसलं नाही. याचा अर्थ
गाडीवाल्यानं रद्दीवाला बदलला असंही असेल.

गड्ड्याची जत्रा उठली, तंबूंचे खड्डे तेवढे मैदानात राहिले,
तेव्हा नरसव्वा आली. हातात तीच सुतळी,
उंचीच्या गाठीच्या खाली आणखी एक गाठ.
कमरेच्या पिशवीतून चौघडी पान काढलं,
घडीवर विरलेलं.
पोरानं वाचून दाखवलं, म्हणाली. दोनदा.
उसवलं मीच. आलं बघ बाहेर दीड इंच, बरोब्बर.

मी काही बोलणार,
तेवढ्यात तिनं पान काउंटरवर पसरलं,
रिकाम्या बाजूवर बोट ठेवलं
आणि जरा रागानंच विचारलं,
शर्टाचं लिवलीस.
हाफ पँटचं कोण लिवणार?